डोक्यावरून आणलेला सा

रेडिओवर पेटीला बंदी घातली, ही बातमी मला लोणावळ्याच्या बाजारात दाढी करताना कळली. न्हावी वस्तरा थांबवून म्हणाला, "भाऊ, बसला की तुमचा धंदा." मी अर्ध्या दाढीनं उठणार होतो, त्यानं खांदा दाबून खाली बसवलं. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती. ती अशी हसली की सूप कलंडलं आणि तांदूळ अंगणभर झाले.

"आमच्या बाबानं कवाच घातलीवती बंदी," ती म्हणाली. "रेडिववाल्यांनी लय उशीर केला."

मग आम्ही दोघं तांदूळ वेचत बसलो आणि हसत राहिलो. निम्मे कोंबड्यांनी खाल्ले.

ठकू आता नाही. गेल्या मार्गशीर्षात गेली. घर इतकं गप्प झालंय की भात्याचं चामडं वाळताना करकरतं तेही ऐकू येतं. दिवाळी अंकवाले म्हणाले, धंद्यातलं काही लिहा, दुःख हलकं होईल. दुःख हलकं करून द्या असं मी त्यांना म्हटलं नव्हतं. पण पेटीबद्दल लिहायला बसलं की ठकूबद्दल लिहिणं होणार, आणि ठकूबद्दल लिहायला लागलं की हसू येणार, म्हणून कबूल झालो. चौथीत शाळा सोडलेला माणूस मी. शुद्धलेखन अंकवाल्यांनी बघावं, सूर मी बघतो.

धंदा माझा पेटी-दुरुस्तीचा. पेटी सगळ्यांनी पाहिलेली असते, तिचं पोट कुणी पाहिलेलं नसतं, म्हणून सांगतो. मागं भाता, तो वारा ढकलतो. पुढं काळ्यापांढऱ्या पट्ट्या. पट्टीखाली पितळेची एक चपटी जीभ. वारा गेला की ती थरथरते आणि आवाज निघतो. त्या जिभेलाच आम्ही सूर म्हणतो. जिभेचं टोक खरवडलं की सूर चढतो. मुळाशी खरवडलं की उतरतो. एवढ्यावर मी जन्मभर भाकरी खाल्ली. टोक आणि मूळ. बाकी सगळा कान.

लोणावळ्यात या धंद्याला मरण नाही, कारण इथली ओल. चार महिने धुकं खिडकीतून आत येतं आणि पाहुण्यासारखं बसून राहतं. पट्ट्या फुगतात, चामड्याला बुरशी धरते, पितळ हिरवं पडतं. बंगलेवाले हवा खायला येतात तोवर त्यांच्या पेटीनं वर्षभराची हवा खाऊन ठेवलेली असते. एका बंगल्यातल्या बाई म्हणाल्या, पेटी रडते. उघडून बघतो तर भात्यात उंदरीण बाळंत झालेली. बाईंनी पिल्लं मोठी होईपर्यंत दुरुस्ती करू दिली नाही. एक गुडदाणीवाला होता, गूळ-शेंगदाण्याच्या वड्या करणारा, त्याच्या पेटीचा गंधार दाबला की वर येत नसे. हा मनुष्य गूळ आटवता आटवता मध्येच उठून भजन म्हणायचा. मी पट्टी काढली, चाटून बघितली आणि म्हटलं, "पाक कच्चा आहे." तो उठला आणि कढई पुन्हा चुलीवर चढवली. पैशांबरोबर गुडदाणीही दिली. ती मात्र दाताला चिकटली नाही.

पण खरा सूर कशाला म्हणतात, हे मला दादासाहेबांनी शिकवलं. दादासाहेब मोजणीखात्यातून निवृत्त होऊन खंडाळ्याच्या बाजूला राहत. उभा जन्म जमिनी मोजल्या, आता सूर मोजायला घेतले होते. मला बोलावून त्यांनी एका फळीवर ताणलेली तार दाखवली.

"हिचे पाच सारखे वाटे कर," ते म्हणाले. "एक वाटा दाबून टाक, चार वाजव."

वाजवली. गंधार निघाला. असा गंधार मी आधी ऐकला नव्हता. ताकावर लोणी येतं तसा वर आला आणि तिथंच राहिला.

"आता पेटीतला लाव."

लावला. दोन्ही एकदम वाजू लागले आणि खोलीत थरथर सुरू झाली. वाँव, वाँव, वाँव. इतकी वर्षं मी ती थरथर पेटीचा आवाजच समजत होतो.

दादासाहेबांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. सूर म्हणजे वाटणी. तारेचे सरळ वाटे पडले की दोन सूर एकमेकांत बसतात. विलायती कारखानदाराला मात्र कुठल्याही पट्टीवरून गाता यावं अशी पेटी पाहिजे होती, म्हणून त्यानं सप्तकातल्या बाराही पट्ट्यांना अगदी सारखी वाटणी केली. बारा भावांना बारा सारखे तुकडे. कागदावर न्याय, पण कुणाच्याच बांधाला बांध लागत नाही. गंधार तर चांगलाच शेजाऱ्याच्या रानात शिरलेला. मी पेटीच्या गंधाराचं मूळ खरवडलं. वाँव लांबत गेलं, वाँऽव, वाँऽऽव, आणि थांबलं. खोलीतून माशी बाहेर गेल्यासारखं झालं. दादासाहेब आनंदानं खुर्चीवर उभे राहिले. मी त्यांची खुर्ची धरून उभा राहिलो.

यात एक अडचण आहे, ती नीट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. पेटी अशी खऱ्या सुरात लावली की ती एकाच सा-ची होते. सा म्हणजे गाणाऱ्याचं जोतं, सगळे सूर त्यावर उभे. जोतं हललं, दुसऱ्या पट्टीवरून गाणं धरलं, की तीच पेटी कोल्ह्यासारखी रडते. त्यावर दादासाहेबांचा तोडगा असा की सप्तकात बारा नको, बावीस पट्ट्या करू. बावीस श्रुती, शास्त्रात आहेत तेवढ्या. आम्ही तशी पेटी केलीसुद्धा. दिसायला ती पोपटाच्या पिंजऱ्यासारखी. दादासाहेब वाजवायला बसले की बोट शेजारच्या श्रुतीवर पडायचं आणि ते "माफ करा" म्हणायचे. पट्टीला. शास्त्र त्यांचं खरं होतं. बोटं जाड होती.

तेव्हा पहिली लढाई चालू होती. सूर यायचे जर्मनीहून, ते बंद झाले. मग मी मावळातल्या गावोगाव फिरून मोडक्या पेट्या विकत घ्यायचो आणि त्यांचे सूर काढून वापरायचो. असाच कामशेतला उतरून चालत वडिवळ्याला गेलो. तिथल्या एका गिरणीकामगारानं मुंबईहून पेटी आणून पडवीत टाकली होती. मी तिथंच बसून एकेक पट्टी वाजवून बघत होतो. शेजारच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "ते डबडं बंद करा रं."

हे राघूबुवा. गावच्या भजनाचे म्होरके. मारुतीच्या देवळात त्यांनी पेटीला पायरी चढू दिली नव्हती. वीणा, टाळ, पखवाज, बस्स. ही ती बंदी, रेडिओच्या आधीची.

एवढ्यात पाण्याला निघालेली एक मुलगी हंडा घेऊन अंगणातून चालली होती. ती थांबली आणि म्हणाली, "त्ये डुचमळतंया."

"काय?"

"ह्ये तुमचं. भरला हंडा घिऊन चाललं की पानी डुचमळतं, तसं. तुमाला ऐकाया येत न्हाई?"

दादासाहेबांनी तारा, फळ्या, कागद लावून मला जे दाखवलं, ते ही अंगणातून जाता जाता सांगत होती. मी विचारलं, "तुला कसं कळतं?"

"दाताला लागतंय की," ती म्हणाली आणि निघून गेली.

मी तिचं तोंड नंतर पाहिलं. आधी कान पाहिला. ती ठकू, राघूबुवांची मुलगी. एकोणीस वर्षांची होती आणि त्या काळी ते लय होतं. गाव तिला घोडनवरी म्हणायचं. बापानं आलेलं प्रत्येक स्थळ परत पाठवलं होतं. एकाला तर आरतीत टाळ चुकला म्हणून.

मी महिनाभर उगाच वडिवळ्याच्या वाऱ्या केल्या. गावात मोडक्या पेट्या संपल्या तरी माझ्या फेऱ्या संपेनात. शेवटी आईला घेऊन गेलो. जातगोत जुळत होतं, घर बरं होतं. बुवांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं न बघता आईला म्हणाले, "पोरगं बरं हाय, मावशे. पर ह्याचा धंदा खोट्या सुराचा. खोट्या सुराच्या घरात पोर कशी द्यावी?"

मला बोलायचं नव्हतं, पण राहवलं नाही. "पेटी खऱ्या सुरात लागते, बुवा. मी लावून दाखवतो."

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मंग चैतात सप्ता हाय. काल्याच्या दिशी आन तुजी पेटी, वाजीव वीनंसंगं. जुळली तर बोलू. न्हाई जुळली तर पेटी नदीत, आन तू ह्या गावाची वाट इसर."

आतून बांगड्या वाजल्या. एवढंच उत्तर मला त्या दिवशी आतून मिळालं.

सप्ताहातल्या वीणेची एक रीत आहे. पहिल्या दिवशी ती गळ्यात घातली की सात दिवस, सात रात्री खाली ठेवायची नाही आणि वाजायची थांबवायची नाही. पहारे लावलेले असतात. एकाचा पहारा संपला की वीणा त्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. काला झाला, दहीहंडी फुटली, की मग ती जमिनीला टेकते. मी पहिल्या दिवशी मंडपात गेलो. खिशात एक सुटा पितळी सूर होता. तो तोंडानं फुंकून वीणेच्या सा-शी ताडून पाहिला, खरवडला, पुन्हा ताडला. डुचमळ थांबली. सूर रुमालात बांधला आणि लोणावळ्याला येऊन त्याच्यावरून सगळी पेटी खऱ्या सुरात लावली. इतकी गोड लागली की दादासाहेब ऐकायला आले आणि जेवायचं विसरले.

पितळ जिथं ठेवलं तिथं राहतं. गळा राहत नाही. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

काल्याच्या दिवशी सकाळी पेटी डोक्यावर घेऊन कामशेतहून वडिवळ्याला पोचलो. मंडपात माणूस मावत नव्हता. मी कडेला बसून हळूच सा दाबला. डुचमळ कसली, नदीला पूर आला होता. वीणेचा सा माझ्या पट्टीवर नव्हता, पुढच्या पट्टीवरही नव्हता. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसला होता.

"बुवा, वीणा कुणी चढवली?"

"चढीवली न्हाई, चढली," बुवा म्हणाले. "सात दिस गावाच्या गळ्यांतनं फिरलीया ती. दगडूचा गळा बारीक, त्यानं थोडी पिळली. उन्हानं तार ढिली पडली, म्हाद्यानं पिळली. ज्याचा पहारा त्याचा सा."

"मग आता खुंटी जरा ढिली करू?"

आजूबाजूचे टाळकरी माझ्याकडं असे बघू लागले की जणू मी मारुतीची शेपटी कापायला सांगितली.

"काल्याच्या दिशी?" बुवा म्हणाले. "सात दिसांत देव जितका वर ग्येलाय, तितनं खाली वढायचा? पेटी तुजी हाय. तू चढ."

कीर्तन उभं राहायला थोडाच अवकाश होता. पेटी पुन्हा लावायची तर आधी वीणेचा सा पाहिजे. मंडपात टाळ-पखवाजाच्या गदारोळात सुराची थरथर ऐकू येईना, आणि वीणा मंडपाबाहेर जायची नाही. देवळापासून थोडं लांब, नदीच्या अंगाला मथूमावशीचा गोठा होता. तिथं शांत होतं. मथूमावशी म्हणजे ठकूच्या आईची चुलतबहीण, तिनंच ठकूला लहानपणापासून सांभाळलेलं. मी पेटी गोठ्यात नेऊन उघडली आणि सा आणायला मंडपात गेलो. वीणेला कान लावला, सा गळ्यात धरला आणि गुणगुणत निघालो. वाटेत एका म्हाताऱ्यानं "रामराम" घातला. मी "रामराम" म्हटलं आणि सा गेला. परत गेलो. परत आणला. या वेळी गिरणीकामगार भेटला. "काय भाऊ, जुळली का?" मी म्हटलं, "जुळंल." सा गेला. मग ठरवलं, कुणाशी बोलायचं नाही. तेव्हा एक बैल हंबरला आणि मी गोठ्यात पोचलो तो बैलाचा सा घेऊन.

मी डोक्याला हात लावून शेणातच बसलो. खरं सांगतो, मनात पेटी नदीत सोडून मोकळा झालो होतो. पेटीचं काही नव्हतं.

एवढ्यात दारातून बारीक आवाज आला. मंऽऽऽ.

ठकू. डोक्यावर हंडा, ओठ मिटलेले, आणि पोटातून सरळ एकच सूर. मागून मथूमावशी धापा टाकत. "अगं कुटं चाललीस? अगं बोल की. सकाळधरनं बरी हुतीस." ठकू काही बोलेना. माझ्या फेऱ्या बघून ती मंडपातून वीणेचा सा घेऊन गोठ्यापर्यंत अशीच आली होती. वाटेत लोकांनी विचारलं, तिनं मान हलवली नाही. दोन बायकांना वाटलं अंगात आलंय, त्यांनी वाकून हात जोडले. एकीनं पदरातलं हळदकुंकू लावलं. ठकूनं तेही लावून घेतलं, थांबली नाही. भरला हंडा डोक्यावर घेऊन घाट चढणाऱ्या पोरीला वाटेत थांबून बोलायची सवय नसते. हंडा त्या दिवशी रिकामा होता. भरलेलं जे होतं त्यातला एक थेंब तिनं सांडू दिला नाही.

मी उठलो. सा-ची जीभ काढली, टोक खरवडलं, लावली, वाजवली. ठकू माझ्यासमोर उकिडवी बसली, श्वास घेण्यापुरती थांबायची आणि पुन्हा त्याच जागी पाय ठेवायची. आम्ही इतके जवळ कधी बसलो नव्हतो. आमचं पहिलं लांब बोलणं हे असं झालं. मी पितळ खरवडत होतो, ती मंऽऽ म्हणत होती. मी मध्येच तिच्याकडं बघितलं आणि जास्त खरवडलं गेलं. तिनं भुवया चढवल्या. मी मुळाशी खरवडलं. तिनं डोळे मिटले. सा लागला.

तिनं तोंड उघडलं. "मावशे, पानी दे. घसा वाळला."

"मेले, जीव घितलास माजा," मावशी म्हणाली आणि दारातच बसली. दोघांना एकटं सोडायचं नव्हतं तिला. "काय लावताय त्ये, पेटी का लगीन?"

"आदी पेटी," ठकू म्हणाली.

सा पितळात पकडला होता, आता गंधार, पंचम, धैवत त्याच्यावरून लावायचे. पण मंडपातला गजर वाढला होता आणि गोठ्यातही कानाला थरथर धरता येईना. तेव्हा ठकूनं हनुवटी पेटीच्या फळीवर टेकवली, दात दातावर धरले आणि म्हणाली, "वाजवा आता." मी दोन पट्ट्या एकदम दाबल्या. "डुचमळतंया." खरवडलं. "अजून." खरवडलं. "आता पलीकडं सांडलं." मी मूळ खरवडलं. "हां. हां. थांबलं." माझ्या समोर तिची हनुवटी, कपाळावर त्या बाईचं हळदकुंकू, आणि दारात मावशी. "ह्याला नाक-डोळं दिसत्यात का गं, का नुसतं पेटीच?" मला सगळं दिसत होतं. म्हणून तर जास्त खरवडलं जात होतं.

सगळ्या पट्ट्या लावायला वेळ नव्हता. मधल्या सप्तकातले भजनाला लागणारे सात सूर लावले. बाकीच्या पट्ट्यांखाली मावशीच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या, चुकून बोट पडलं तरी बोलू नयेत म्हणून.

काल्याचं कीर्तन उभं राहिलं. मी वीणेकऱ्याच्या पायाशी पेटी घेऊन बसलो. राघूबुवांनी पहिली ओळ धरली आणि माझ्याकडं मान हलवली. मी सा दाबला. वीणा आणि पेटी यांच्यात काही हललं नाही. पंचम दिला, तोही बसला. मग बुवा मुद्दाम गंधारावर जाऊन उभे राहिले, तिथंच, खुंटा ठोकल्यासारखे. त्यांना ठाऊक होतं पेटी तिथंच खोटी पडते. मी गंधार दाबला.

मी काय सांगू. टाळकऱ्यांनी टाळ धरून ठेवले. वीणा, बुवांचा गळा आणि माझं पितळ, तिन्ही मिळून एकच वस्तू झाली. भरल्या हंड्यातलं पाणी थांबलं की त्यात आपलं तोंड दिसतं, तसं काहीतरी. बुवा श्वास संपेपर्यंत उभे राहिले. मग त्यांनी दुसरा श्वास घेतला आणि पुन्हा तिथंच उभे राहिले. तिसऱ्यांदा उभे राहिले तेव्हा पखवाजवाला म्हणाला, "बुवा, म्होरं चला, हंडी फोडायचीय."

हंडी फुटली, काला वाटला, आणि वीणा उतरवायची वेळ आली. तिच्यासाठी पाटावर धूतवस्त्र अंथरलेलं होतं. बुवांनी वीणेकऱ्याच्या गळ्यातून ती स्वतः काढली. पाटाकडं गेले, थांबले, परत फिरले. सात दिवस जमिनीला न टेकलेली वीणा त्यांनी आणून माझ्या पेटीवर टेकवली. वीणेची तार झणझणली आणि आतलं पितळ भाता न हलवताच जरासं बोललं. मागून मथूमावशी मोठ्यानं म्हणाली, "बघत काय बसलाईस. पाया पड की सासऱ्याच्या."

पुढचं काय सांगायचं. वैशाखात लग्न झालं. दादासाहेब आले आणि वाजंत्रीवाल्यांची सनई किती श्रुती उतरली आहे ते नवऱ्याकडच्या प्रत्येकाला सांगत फिरले. त्यानंतर माझ्याकडं आलेली प्रत्येक पेटी मी खरवडली आणि ठकूनं दाताखाली घेतली. गिऱ्हाइकं मला कान म्हणायची. खरा कान चुलीपाशी भाकरी थापत असायचा. "झालं का गं?" विचारलं की पिठाच्या हातानं यायची, फळीला हनुवटी लावायची, "डुचमळतंया" म्हणायची आणि परत तव्याकडं जायची. माझ्या कामाच्या फळीवर तिच्या हनुवटीची गुळगुळीत जागा पडली आहे. पॉलिश मी केलेलं नाही.

वडिवळ्याच्या काल्याला वाजवलेली पेटी मात्र मी पुन्हा उतरवली नाही. सगळ्या पेट्यांच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत तिचा सा. तिच्याबरोबर जगातली दुसरी कुठलीच पेटी वाजत नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, ही बिघडलीय, दुरुस्त करा की. ठकू आतून म्हणायची, "त्ये गिऱ्हाईक घरचं हाय, राहू द्या."

शेवटच्या दिवसांत तिची वाचा गेली. डावी बाजूही गेली. मला कळेना तिला काय पाहिजे, पाणी का कूस बदलायची. चिडायची. एकदा काही सुचेना म्हणून मी ती पेटी खाटेपाशी ओढली आणि सा दाबला. तिनं ओठ मिटले आणि मंऽऽऽ केलं. बरोबर जागी. वाचा गेली होती, सा गेला नव्हता. मग रोज संध्याकाळी आम्ही तसंच बोलायचो. मी सा दाबायचो, ती मंऽऽ करायची. मी गंधार दाबला की डोळ्यांनी हसायची. पहिल्या दिवशी गोठ्यात जसं बोललो होतो तसंच. फक्त दारात मावशी नव्हती.

ती गेली त्या दिवशी इंद्रायणीवर सगळं उरकून लोक निघाले. मी ज्वाळेकडं बघत होतो आणि एकाएकी ध्यानात आलं की तिचा सा माझ्या गळ्यात आहे. तो मी घरी नेणार असं ठरवलं. ओठ मिटले आणि चालू लागलो. वाटेत एकानं खांद्यावर हात ठेवला, मी बोललो नाही. गुडदाणीवाल्यानं हात जोडून रामराम घातला, मी घातला नाही. न्हावी म्हणाला, "भाऊ, रडून घ्या." मी मंऽऽऽ करत पुढं. मागं कुजबुज झाली, म्हातारं भ्रमलं. एक बैल हंबरला. मी त्याच्याकडंही बघितलं नाही.

सुतकात पेटी उघडत नाहीत. मी उघडली. गळ्यातला सा तसाच धरून फळीवर तिच्या जागी हनुवटी टेकवली आणि पट्टी दाबली. दाताला काही लागलं नाही. पाणी हललं नाही. लोणावळ्याच्या नदीपासून घरापर्यंत, एवढ्या माणसांतून, मी पहिल्यांदा सा न सांडता आणला होता. हसू आलं. तिला सांगायला आत वळलो आणि मग वळायचं थांबलो.

बाहेर ओट्यावर सगळे बसून होते. मी पेटी मिटली, बाहेर आलो आणि राहिलेले सगळे रामराम एकेकाला घातले.